पदराखालचे हात

प्रिय आई,

परवा दुपारी शाळेतून येऊन चपला काढते न काढते तोच कुंदामावशीचा फोन आला. काजूच्या कारखान्यात तीस वर्षं तुझ्या शेजारच्या मशिनवर बसली, ती तुझी कुंदा. येत्या गुरुवारी तुला जाऊन वर्ष होईल.

"सुजा, वर्षश्राद्ध तुझ्याकडंच ना गो?"

"हो मावशी."

"मग आम्ही येव की नको? नको असंल तर तसं सांग हां. आमाला काय वायट वाटायचं नाय. कामावरच दोन मिनटं उभ्या राहू नि हात जोडू."

'या' एवढंच म्हणायचं होतं. मी काय म्हटलं ठाऊक आहे? "उद्या सांगते, मावशी."

त्या उत्तरामुळे आज हे पत्र लिहायला बसले आहे. वर्षभर तुझ्याशी मनातल्या मनात बोलतेच आहे. पण मनात मी स्वतःला फार लवकर माफ करते. कागदावर तसं करता येत नाही.

फाट्यावरची ती पत्र्याची लांब शेड आठवते? काय विचारते मी तरी! शाळा सुटली की एसटीची वाट बघत मी तिथेच येऊन बसायचे, बियांच्या गोणींवर. पन्नासेक बायका, पन्नास मशिनं. पायाने दांडा दाबायचा, हाताने काजूची बी पात्याच्या तोंडाशी धरायची, टरफल दुभंगलं की टोकदार सळीने गर अलगद बाहेर काढायचा. बाकीच्यांच्या टोपलीत तुकडे पडायचे, तुझ्या टोपलीत अख्खे गर. मुकादम नव्या पोरींना शिकायला तुझ्याकडेच पाठवायचा.

"अगो, सासू समजून हाणतेस काय तिला? हळू! बिचारी बी आहे ती. तिची शिवण कुठे आहे ते बघ आधी." तू असं म्हणालीस की सगळी शेड हसायची. तू सगळ्यांत मोठ्याने. तिथे तू ताठ बसायचीस, आई. मुकादमाला नावाने हाक मारायचीस. जेवणाच्या सुट्टीत भांडणं तुझ्यासमोर सुटायची. मला वाटायचं, माझी आई म्हणजे कोणीतरी आहे.

साडेपाचला घंटा व्हायची. राख, साबण, खोबरेल, सगळं चोळून व्हायचं, तरी टरफलातल्या तेलाचा काळा डाग बोटांवरून हलायचा नाही. कातडी सोलवटलेली, नखं कोळशासारखी. मग आपण दोघी रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जायचो. तो रस्ता ओलांडताना तू बदलायचीस. पदर पुढे यायचा, हात त्याखाली जायचे. आवाज बारीक व्हायचा, पाठीला पोक यायचा. तीच तू, तीच साडी, मध्ये एक डांबरी रस्ता. मी रोज बघायचे आणि मला कळायचं नाही की माझी आई रस्त्याच्या पलीकडेच का राहते.

कोणी सांगितलं होतं तुला, की हे हात लपवायचे असतात? मी खूप आठवून पाहते. तोंडावर कोणी काही बोलल्याचं आठवत नाही. फाट्यावरचा दुकानदार साखरेची पुडी सगळ्यांच्या हातात द्यायचा, तुझ्यासाठी फळीवर ठेवायचा. संक्रांतीला वाडीतल्या एका घरी तुझ्या हातावर तिळगूळ ठेवण्याआधी त्या बाईंनी क्षणभर थांबून कागदाचा तुकडा शोधला होता. बस, एवढंच! तू हसून तो तिळगूळ कागदासकट पदराला बांधलास. अशा किती पुड्या आणि किती कागद साठले असतील तुझ्यात?

आणि मग मी. माझं तर सांगायलाच हवं.

सातवीत होते. निबंधाचं पहिलं बक्षीस मिळालं होतं आणि पालकांना बोलावलं होतं. तू अर्धा दिवस रजा टाकून आलीस, निळ्या काठाची साडी नेसून. फाटकापाशी मी तुला गाठलं आणि इकडेतिकडे बघत म्हटलं, "आई, हात पदराखाली ठेव हां. पाटीलबाई बघतील."

"ठेवते हो बाय," तू म्हणालीस. अगदी सहज. जसं काही मी तुला छत्री मिटायला सांगितली होती.

तू टाळ्या वाजवल्या नाहीस त्या दिवशी. पदराखाली टाळ्या वाजवता येत नाहीत. मला ते तेव्हा दिसलं होतं, आई. दिसलं आणि हायसं वाटलं. बारा वर्षांच्या मुलीला ही अक्कल कुठून आली असेल? मलाही कोणी शिकवली नव्हती. मीही तो रस्ता तुझ्याबरोबर रोजच ओलांडत होते ना.

माझ्या लग्नाच्या वेळची मेंदीची गंमत तू नेहमी हसून सांगायचीस. मला कधी हसू आलं नाही. स्थळ रत्नागिरीतलं, शिकलेलं घर, मांडवीला समुद्राजवळ फ्लॅट. बाबा मुंबईहून दोन दिवसांसाठी आलेले, गप्प बसलेले. बोलायचं काम मामाकडे. सासूबाईंनी विचारलं, "मुलीची आई काय करते?" आणि मामाने चहाचा कप खाली ठेवता ठेवता सांगून टाकलं, "बहिणीचा काजूचा व्यवसाय आहे." 

मामा खोटारडा नव्हता. बहिणीची लाज झाकायला जे हाताला लागलं ते त्याने पुढे केलं. खोलीत बाबा होते, तू होतीस, मी होते. कोणीच काही बोललं नाही. मग ते वाक्य तिथेच राहिलं, आणि माझ्यासोबत सासरी आलं.

साखरपुड्याला तू कोपरापर्यंत मेंदी काढलीस. बोटं तर पार भरून टाकलीस, नखांसकट. सासूबाई म्हणाल्या, "अहो विहीणबाई, नवरी कोण नक्की? तुम्ही की सुजाता?" सगळे हसले. तूही लाजल्यासारखं हसलीस. "हौस हो, एकुलती एक लेक ना!" रात्रभर मेंदी लावून बसलेली तू, तुला सकाळी घास भरवावा लागला होता. ती हौस नव्हती हे त्या मांडवात फक्त आपल्या दोघींना माहीत होतं. आणि आपण त्याबद्दल एकमेकींशीही बोललो नाही!

त्यानंतर तू आमच्याकडे कधी पटकन आली नाहीस. मी म्हणायचे, तासाभराचा तर रस्ता आहे, ये ना. तू म्हणायचीस, बघते. मला राग यायचा. फार उशिरा माझ्या लक्षात आलं की तू यायच्या आधी दहा-बारा दिवस कामावर जात नव्हतीस. डाग फिकट व्हायची वाट बघत घरी बसायचीस.

सईचा जन्म झाला तेव्हाही तसंच. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण तूच म्हणालीस, गावाला दवाखाना लांब, तिकडेच बरं. बारशाला आलीस तेव्हा बोटं बऱ्यापैकी उजळली होती. सासूबाईंनी कौतुकाने म्हटलं, "आजीने घालावी आज अंघोळ." तू मागे सरलीस. "नको हो, मला सवय राहिली नाही, लहान जीव आहे." मला वाटलं, घाबरलीस. तू मला न्हाऊमाखू घालून वाढवलंस, तुला कसली भीती! नंतर एकदा स्वयंपाकघरात तू हळूच म्हणालीस, "माझा हात खरखरीत गो. आणि ते तेल आत मुरलेलं असतं. पोरीला कुठे उतलं, फोड आले तर?"

आई, यावर मला तुझ्यावर रागवायचं आहे. हो, तुझ्यावर! त्या हातांनी नवख्या पोरींना न चिरता गर काढायला शिकवलंस. काडीमोड झालेल्या शेवंतीला मशिनवर बसवून तिच्या पायावर उभं केलंस. त्याच हातांनी एकदा तरी सईला पाण्यात धरायचं होतंस. आजीचा हात खरखरीत असतो, एवढं कळलं असतं तिला, आणखी काय?

पण मग वाटतं, मी कोणत्या तोंडाने बोलते?

कारण माझंही त्याहून बरं काही झालं नाही. बावीस वर्षं या घरात मला मान मिळाला. सासूबाई भिशीच्या बायकांना सांगायच्या, "आमच्या सुनेच्या माहेरी काजूचा कारखाना आहे." सणाला, समारंभाला माझ्या शब्दाला किंमत असायची. आणि मला एकदाही वाटलं नाही की हा मान माझा आहे. तो कुठल्यातरी मालकिणीच्या मुलीचा होता, जी जन्मालाच आली नव्हती. मी नुसती तिच्या जागेवर बसले होते. शाळेत मी वीस वर्षं शिकवते, मुलं जीव लावतात, तरी स्टाफरूममध्ये कोणी माहेरची चौकशी केली की मी वह्या तपासायला घेते. खोटं आपण लोकांना सांगतो, पण त्यात राहायला आपल्यालाच लागतं. तुला तरी रस्त्यापलीकडची शेड होती, जिथे तू पूर्ण तू होतीस. मला अशी शेड कुठेच नव्हती.

आता तेराव्याचं. इतका वेळ मी तेच टाळते आहे.

बाबा आधीच गेलेले, म्हणून तुझे शेवटचे सहा महिने आणि मग तुझे दिवस, सगळं आमच्याच घरी झालं. तेराव्याला सकाळी अकराच्या सुमारास खालून वॉचमनचा फोन आला, "चार बायका आल्यात, वर पाठवू?" मी खाली गेले. कुंदामावशी, शेवंती आणि आणखी दोघी. चौघींचे हात पदराखाली. कुंदामावशीच्या काखेत पिशवी. प्रत्येकीने आपल्या परसातल्या बिया घरी फोडून गर आणले होते. एकही तुकडा नव्हता त्यात. सगळे अख्खे.

मी त्यांना वर नेलं नाही, आई. जिन्याखाली पार्किंगमध्ये चार खुर्च्या होत्या, तिथे बसवलं. म्हटलं, वर फार गर्दी आहे. चहा खालीच मागवला. तेवढ्यात सासूबाई कशासाठी तरी खाली उतरल्या आणि विचारलं, "या कोण गं?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आईकडे कामाला असायच्या."

तुझ्याकडे कामाला! तीस वर्षं ज्यांच्या डब्यातली भाकरी तू अर्धी खाल्लीस, त्या! मी कुंदामावशीकडे बघू शकले नाही. पण तिनेच लगेच मान हलवली. "व्हय तर! बाई आमच्या मालकीणच होत्या. लय जीव लावला बाईंनी." बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. सासूबाईंचे डोळे भरून आले. वर जाताना म्हणाल्या, "बघ, नोकर माणसं पण किती मानतात. मालकीण असावी तर अशी."

मावशी इतक्या चटकन कशी बोलली, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. ते नवल वर्षभर बाजूला ठेवून मी जगले.

आज रविवार. सकाळी उठले आणि कोणाला न सांगता पहिल्या एसटीने गावाला गेले. फोनवर द्यायचं उत्तर नव्हतं ते. कुंदामावशी अंगणात भाताला ऊन दाखवत होती. मला बघून म्हणाली, "काय गो बाय, सांगायला एवढी लांब आलीस? नको म्हणायचं तर फोनवर पण चाललं असतं!"

मी तिच्या पायाशी बसले. म्हटलं, "मावशी, तेराव्याला मी तुम्हाला आईच्या नोकर केलं. मला माफ कर."

ती भात पसरता पसरता हसली. "तू कुठे केलंस? तुझ्या आयशीनं आधीच केलं होतं."

मला कळेना. तेव्हा तिने सांगितलं. तू आजारी असताना एका दुपारी ती तुला भेटायला आली होती. मी शाळेत, सासूबाई झोपलेल्या. तू तिचा हात धरून म्हणाली होतीस, "कुंदे, मी गेल्यावर तुम्ही येणार, मला माहीत आहे. तेव्हा म्हणा, आम्ही हिच्याकडे कामाला होतो. लेकीचं घर आहे गो. तिची मान खाली नको जायला."

"मग मला राग नाही का यायचा?" मावशी म्हणाली. "आला. मी म्हटलं, मेल्ये, आयुष्यभर बरोबर बसलीस नि मरताना मालकीण होतेस? तर ती काय म्हणाली ठाऊक? म्हणाली, 'शेडमध्ये सगळ्यांना सांग, ती आपलीच होती म्हणून. रत्नागिरीत तेवढं नको.'"

आई! आपण दोघींनी एकमेकींना न विचारता एकच खोटं शोधून काढलं. तू अंथरुणावर पडून, मी जिन्याखाली उभी राहून. म्हणजे तुला खात्री होती की मी तुझ्या मैत्रिणींना खरं सांगून घरात घेणार नाही. आणि तू माझ्यावर चिडली नाहीस, तू माझी सोय करून ठेवलीस. यापेक्षा तू मला चार शब्द सुनावले असतेस तर बरं झालं असतं.

परत येताना एसटीत एकच विचार करत होते. आपल्याला कोणी हाकललं नव्हतं. कोणी दारही लावलं नव्हतं. आपणच उंबऱ्याबाहेर जागा बघून बसलो, आणि जवळच्या माणसांनाही तिथेच बसवलं. आजूबाजूच्यांच्या नजरा कधीच्या निघून गेल्या, तो दुकानदारही आता राहिला नाही. आपण मात्र त्यांचं काम इमानाने करत राहिलो.

दुपारी जेवणं झाल्यावर मी सासूबाईंना सांगितलं. सगळं. मामाचं वाक्य, मेंदी, पार्किंगमधल्या खुर्च्या. सईचे बाबा बाहेरगावी होते, पण सई तिथेच होती. ती आधी बोलली, "मग यात एवढं काय, आई? आजी कामच तर करत होती ना?" किती सोपं आहे तिला! मला जरा रागच आला. तिला कधी कोणाचे हात झाकावे लागले नाहीत. पण नंतर वाटलं, तिला हे सोपं वाटतं, यात वाईट काय?

सासूबाईंना सोपं गेलं नाही. त्या म्हणाल्या, "बावीस वर्षं? मी काय तशी बाई वाटले तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही. आम्ही विचारूनच पाहिलं नाही." 

"मी सगळीकडे सांगत सुटले, कारखाना, कारखाना म्हणून. हसत असतील लोक मला." त्यांनाही त्यांचा मान प्यारा आहे, आई. तोही लोकांच्याच डोळ्यांत ठेवलेला. उठता उठता म्हणाल्या, "गुरुवारी माझ्या बहिणी येतील, भिशीच्या बायका येतील. त्यांना काय सांगायचं ते तू सांग. मी नाही सांगणार." आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. अजून बाहेर आलेल्या नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. बरोबरच आहे, हे सांगायचं काम माझं आहे.

मग मी कुंदामावशीला फोन केला. म्हटलं, "या. चौघी नको, येतील तेवढ्या या. अकराला. खाली थांबू नका, लिफ्टने सरळ तिसऱ्या मजल्यावर." मावशी म्हणाली, "पण तुझ्या आयशीनं तर वेगळं सांगितलेलं गो."

हो, सांगितलं होतंस. म्हणून तुला आधी कळवते आहे.

गुरुवारी मी दारात उभी राहीन. पहिल्या पंगतीला त्या बसतील, सासूबाईंच्या बहिणींच्या शेजारी, आणि वाढायला मी असेन. कोणी विचारलं, या कोण, तर मी म्हणेन, या माझ्या आईच्या बरोबरीच्या बायका. माझी आई काजूच्या कारखान्यात तीस वर्षं बिया फोडत होती. हे वाक्य आज मी तीनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. तिन्ही वेळा 'फोडत' शब्दाशी आवाज बसला. गुरुवारीही बसेल कदाचित. तरी पूर्ण करीन. सगळ्यांचे चेहरे काय होतील माहीत नाही. काही जणी पुन्हा येणार नाहीत. सासूबाई कदाचित खोलीतून बाहेरच येणार नाहीत. माझी मान खाली जाईल का? जाईल, थोडा वेळ. पण ती माझी मान असेल.

तुला हे आवडणार नाही. तू वरून हातवारे करत म्हणशील, गप गो, कशाला! जन्मभर तुझं ऐकलं नाही असं फार कमी झालं, आई. तुझी ही शेवटची गोष्ट मात्र मी ऐकणार नाही.

तुझी,
सुजा